कोकोची सावली घर ठरवतं

चॉकलेट आता आपल्याकडे वाडीवस्तीवरच्या टपरीतही मिळतं. मूल पास झालं की पेढ्याबरोबर चॉकलेट, वाढदिवसाला चॉकलेट, राखीपौर्णिमेला आणि ईदलाही चॉकलेट. पण ते ज्या बियांपासून तयार होतं, त्या बिया ज्या झाडावर येतात, ते कोकोचं झाड आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. मोठं चमत्कारिक झाड आहे ते. त्याची फळं फणसासारखी थेट खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात. मूळचं ते दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. तिथल्या उंच रानात ते खालच्या थरात, मोठ्या झाडांच्या आश्रयानं वाढलं. म्हणून शेतात लावतानाही त्याच्या डोक्यावर थोडी सावली ठेवावी, असं जाणकार सांगतात.

वर उंच झाडं, मध्ये मुख्य पीक, खाली खायच्या कामाची झाडं-झुडपं, अशा मिश्र शेतीला कृषिवनीकरण किंवा वनशेती म्हणतात. कोकणातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वर माड, त्याखाली सुपारी, सुपारीवर चढलेली मिरी, बांधाला केळ आणि पाटाच्या ओलीवर अळू, ही आमची वाडी म्हणजे वनशेतीच. मी कवी माणूस. माझ्यापाशी पदवी आहे ती मराठी वाङ्मयाची, बी.ए.ची, कृषिशास्त्राची नव्हे. पण वाडीत वाढल्यामुळे एक प्रश्न मला लहानपणापासून पडत आला आहे. अमुक झाड इथं का आहे आणि तमुक का नाही? त्याचं उत्तर मातीत जेवढं असतं, तेवढंच घरात असतं. आज हाच प्रश्न घेऊन आपण थोडं दूर, पश्चिम आफ्रिकेतल्या घाना या देशात जाऊ.

घानामध्ये कोको रुजला तो मळेवाल्या साहेबांमुळे नव्हे, तर छोट्या शेतकऱ्यांमुळे. तेतेह क्वार्शी नावाचा एक लोहारकाम करणारा गृहस्थ फर्नांडो पो बेटावर कामाला गेला होता. तिथून १८७९ मध्ये त्यानं कोकोच्या बिया आणल्या आणि माम्पोंग गावी लावल्या, असं तिथं मानतात. १८९१ मध्ये त्या देशातून, म्हणजे तेव्हाच्या गोल्ड कोस्टमधून, निर्यात झालेल्या कोकोची नोंद आहे अवघी ८० पौंडांची. पुढच्या वीस वर्षांत, १९११ पर्यंत, हा छोटा मुलूख जगातला पहिल्या क्रमांकाचा कोको उत्पादक झाला. पॉली हिल या इंग्लिश अभ्यासक बाईंनी १९६३ मध्ये या शेतकऱ्यांवर ग्रंथ लिहिला. या लोकांनी नात्यागोत्याच्या आणि ओळखीच्या आधारानं पैसे गोळा केले, दूरच्या जंगलात जमिनी विकत घेतल्या आणि कोको पसरवला, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे हे पीक तिथं पहिल्यापासूनच घरादाराचं पीक आहे.

तिथल्या कोको संशोधन संस्थेची शिफारस अशी, की हेक्टरी साधारण पंधरा ते अठरा मोठी सावलीची झाडं असावीत. कोकोची झाडं तीन-तीन मीटरवर, म्हणजे हेक्टरी अकराशेच्या आसपास. हिशेब सोपा आहे. पण प्रत्यक्षात एका बागेत सावली दाट असते, शेजारच्या बागेत एकही मोठं झाड नसतं आणि तिसऱ्या बागेत असतात ती संत्री, ॲव्होकॅडो, तेलताड. माती तीच, पाऊस तोच. फरक असतो तो घराघरात.

आधी चूल, मग कोको

कोकोचं रोप लावलं की पहिलं फळ यायला तीन ते पाच वर्षं लागतात. तोवर घरानं खायचं काय? म्हणून घानाचा शेतकरी नव्या जमिनीत आधी भाजीची केळ लावतो, कसावा लावतो, अळवाच्या जातीचं कंद लावतो. कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो ते झाड. उकडलेला कसावा आणि केळी उखळात कुटून तिथं फुफू करतात. ते त्यांचं रोजचं जेवण. अळवाच्या पानांना ते कोंतोमिरे म्हणतात आणि त्याचं कालवण करतात. आपल्या फदफद्याचा तो लांबचा भाऊच म्हणायचा. जंगल साफ केलेल्या जमिनीत हे अळू पुष्कळदा न लावताच उगवतं.

आता गंमत पाहा. कोकोच्या कोवळ्या रोपाला जी सावली हवी असते, ती याच केळीच्या पानांची मिळते. रोप मोठं होईपर्यंत केळ घर जगवते आणि रोपही जगवते. पुढे कोकोची फळं फोडून गरासकट बिया आंबवायला ठेवतात, तेव्हा खाली अंथरायला आणि वर झाकायला केळीचीच पानं लागतात. साधारण सहा दिवस ती रास आंबते, मधे दोनदा ती उलथतात, आणि मग बिया तट्ट्यांवर उन्हात वाळवतात. याच आंबण्यात चॉकलेटच्या वासाची सुरुवात होते. शिवाय कोकोच्या फुलाचं परागीभवन करतात ते चिलटाएवढे बारीक कीटक. ते वाढतात कुजणाऱ्या पाल्यात, केळीच्या कुजक्या बुंध्यात. ज्या घरानं पोटासाठी केळ ठेवली, त्यानं नकळत या कीटकांचंही घर राखलं.

मात्र बाग वाढली, वर छत दाटलं की खाली केळ-कसावा नीट येत नाही. मग अन्नासाठी वेगळा तुकडा हवा. ज्या घरापाशी असा तुकडा असतो, ते कोको दाट होऊ देतं. ज्याच्यापाशी नसतो, ते बागेत मोकळ्या जागा राखतं आणि तिथं खाण्याचं काही ना काही लावत राहतं. बाहेरून आलेल्या पाहुण्या अधिकाऱ्याला ही बाग विस्कळीत दिसते. घरातल्या बाईला विचारा, ती त्यातल्या प्रत्येक मोकळ्या जागेचा हिशेब सांगेल.

अर्धेल आणि तिर्धेल

दुसरी गोष्ट जमिनीची. घानाच्या कोको पट्ट्यात सगळेच शेतकरी जमिनीचे मालक नाहीत. तिथं वाट्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत: अबुसा आणि अबुनू. अबुसा म्हणजे तीन वाटे. फळत्या बागेची राखण करणाऱ्याला उत्पन्नाचा तिसरा हिस्सा मिळतो. अबुनू म्हणजे दोन वाटे. बाहेरून आलेला माणूस मालकाच्या जमिनीत बाग उभी करतो आणि ती फळली की बाग किंवा तिचं उत्पन्न निम्मं-निम्मं होतं.

कोकणातल्या जुन्या माणसांना हे ऐकून खोतीची आठवण होईल. खोताला पिकाचा अर्धा वाटा द्यायचा तो अर्धेल आणि तिसरा द्यायचा तो तिर्धेल. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली, पण हे शब्द आमच्या गावात पुढेही कितीतरी वर्षं बोलण्यात होते. दोन्हीकडचा इतिहास वेगळा आहे, पण जमीन एकाची आणि घाम दुसऱ्याचा, हा पेच दोन्हीकडे सारखा.

अबुनूवर बाग केलेल्या माणसाचा जमिनीवरचा हक्क पुष्कळ ठिकाणी कोकोच्या झाडांना बांधलेला असतो. कोको उभा आहे तोवर हक्क. कोको गेला, की जमीन मूळ मालकाकडे परत जाण्याचा धोका. आता या माणसाची बाग म्हातारी झाली, उत्पन्न घटलं, तर कृषी अधिकारी म्हणणार, झाडं तोडा आणि नवी लावा. सल्ला अगदी बरोबर. पण झाडं तोडली तर जमिनीवरचा हक्कच जायचा! म्हणून तो मेलेल्या झाडाच्या जागी एखादं रोप खोचतो, पण बाग मोकळी करत नाही.

घानात कोकोला खोड सुजवणारा एक विषाणूजन्य रोग आहे. १९३०च्या दशकात तो ध्यानात आला. रोगट झाड तोडणं हाच त्यावर उपाय. १९४०च्या दशकात सरकारनं सक्तीनं झाडं तोडायला सुरुवात केली, तेव्हा शेतकरी खवळले. १९४८ मध्ये त्या वसाहतीत जो असंतोष उसळला, त्यामागच्या कारणांत ही झाडतोडही होती. साहेबाला रोग दिसत होता. शेतकऱ्याला दिसत होतं, की हे झाड मरेल खरं, पण मरेपर्यंत दोन-तीन वर्षं तरी फळ देईल आणि तेवढ्यात पोरांचं शिक्षण होईल. अलीकडच्या पुनर्लागवड कार्यक्रमात जमीनमालक आणि कसणारा अशा दोघांनाही भरपाई देण्याची तरतूद झाली. सरकारला हे शहाणपण यायला किती काळ जावा लागला, ते पाहा.

मामाची बाग कुणाची?

तिसरी गोष्ट वारशाची. घानाच्या कोको पट्ट्यात अकान भाषा बोलणारे समाज मोठ्या संख्येनं आहेत. त्यांच्यात कुळ आईकडून चालतं. पूर्वापार रिवाजानं पुरुषाची मिळकत त्याच्या मुलांकडे न जाता त्याच्या भावांकडे आणि बहिणीच्या मुलांकडे जाई. माझा भाचा जहाजावर नोकरीला आहे. कोको ज्या बंदरांतून बाहेर जातो, त्या तेमा आणि ताकोराडीला तो जाऊन आला आहे. त्याला मी हा रिवाज सांगितला तेव्हा तो हसून म्हणाला, “मामू, आपण तिकडे जन्मलो असतो तर तुमची वाडी माझी होती!”

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. कोकोच्या बागेत पहिली काही वर्षं सतत बेणणी करावी लागते. ही मेहनत बायको आणि मुलं करतात. पण नवरा गेल्यावर बाग भाच्यांकडे जाणार असेल, तर बायकोनं कंबर का मोडून घ्यावी? या प्रश्नातून तिथल्या समाजानं वाट काढली. बाग उभी करायला मदत करणाऱ्या बायकोला आणि मुलांना पुरुष आपल्या हयातीतच, नात्यातल्या मंडळींसमक्ष, जमिनीचा तुकडा बक्षीस देऊ लागले. पुढे १९८५ मध्ये घाना सरकारनं वारसाचा कायदा केला आणि मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वकष्टार्जित मिळकतीचा मोठा हिस्सा पत्नी आणि मुलांना दिला. कुळाच्या सामाईक जमिनीला मात्र तो लागू नाही.

म्हणजे कोकोसारख्या दीर्घायुषी झाडानं एका समाजाचा वारसा हक्क हलवला. उलट, ज्या बाईला आपला हक्क पक्का वाटत नाही, ती तीस वर्षांनी मोठं होणारं सावलीचं झाड लावणार नाही. ती वर्षभरात हाती येणारं पीक घेईल. तिचं चुकतं असं कोण म्हणेल?

आकाशाएवढं झाड, पण मालक सरकार

आता मोठ्या झाडांकडे येऊ. कोकोच्या बागेत ओडुम, ओफ्राम, एमिरे अशी उंच झाडं असतात. ओफ्राम आणि एमिरे ही तर आपल्या ऐन, किंजळ, बेहड्याच्याच कुळातली. त्यांचं लाकूड फार मोलाचं.

घानात १९६२ च्या कायद्यानं आपोआप उगवलेल्या इमारती झाडांचा ताबा सरकारकडे गेला. शेतकऱ्यानं असं झाड बागेत तीस वर्षं राखलं, तरी लाकडाचा पैसा त्याचा नाही. उलट परवाना मिळालेला ठेकेदार येतो, झाड पाडतो, आणि ते धूड पडताना खालची दहा-वीस कोकोची झाडं चिरडून जातं. पुढे कायद्यात सुधारणा झाल्या. शेतकऱ्याची संमती घ्यावी, नुकसानभरपाई द्यावी, असं आलं. लावलेलं झाड लावणाऱ्याचं, हेही कागदावर आलं. पण लावलेलं कोणतं आणि उगवलेलं कोणतं, याचा पुरावा देणार कसा? त्यामुळे कितीतरी शेतकरी साधा मार्ग पत्करतात. असं रोप उगवलं की लहान असतानाच कोयत्यानं छाटायचं किंवा मोठ्याच्या बुंध्याची साल काढून त्याला उभ्यानं वाळवायचं.

हे आपल्याला परकं वाटू नये. आपल्याकडे १९६४ चा झाडतोड नियमनाचा कायदा आहे. मालकीच्या जमिनीतलं सागाचं झाड तोडायचं तरी परवानगी लागते. कायद्याचा हेतू झाडं वाचवण्याचाच आहे. पण आमच्या गावात माणसं बांधावर साग उगवताना पाहून खूश होत नाहीत, काळजीत पडतात, हेही तितकंच खरं.

शास्त्राचाही यात वाटा आहे. घानातल्या ताफो इथल्या संशोधन केंद्रात १९५०च्या दशकात एक मोठा प्रयोग सुरू झाला. सावली काढून टाकली आणि भरपूर खत दिलं, तर कोकोचं उत्पन्न कितीतरी पटीनं वाढतं, असं दिसलं. पुढे संकरित रोपं आली. ती लवकर फळतात आणि उन्हातही तग धरतात. पण त्याच प्रयोगात पुढच्या वर्षांत हेही दिसलं, की उघड्यावरच्या झाडांचं उत्पन्न भराभर घसरतं. उन्हातली बाग लवकर देते आणि लवकर थकते. सावलीतली बाग कमी देते, पण जास्त वर्षं देते. सावली फार दाट झाली तर दमट हवेत फळं काळी पडून कुजतात. फार विरळ झाली तर उन्हाच्या कवडशात रस शोषणारे ढेकण्यासारखे किडे माजतात.

मग निवड कुणी कशी करायची? ज्याला जमिनीचा वाटा लवकर पदरात पाडून घ्यायचा आहे, खताला पैसा आहे, घरात तरुण हात आहेत, तो उघडी बाग करतो. ज्याच्या घरात म्हातारा-म्हातारीच उरली आहेत, त्यांना सावली परवडते, कारण सावलीत तण कमी येतं आणि बेणणी वाचते. खत न घालताही बाग काहीतरी देत राहते.

हात आणि हंगाम

तण काढणं, फळं उतरवणं, फोडणं, सगळी हातानं करायची कामं. तिथं नोबोआ नावाची पद्धत आहे. आज सगळे मिळून तुझ्या बागेत, उद्या माझ्या. आपल्याकडची सावड किंवा इर्जिकच ती. घानाच्या उत्तर भागातूनही हजारो मजूर कोको पट्ट्यात येत आले आहेत. त्यांच्यातले बरेचजण मुसलमान आहेत. गावोगावी झोंगो नावाच्या त्यांच्या वस्त्या उभ्या राहिल्या आहेत. तरुण पोरं शहराकडे गेली, की नोबोआ मोडते, मजुरीला रोख पैसा लागतो आणि तो नसेल तिथं घरातली लहान मुलंच कामाला जुंपली जातात. चॉकलेटमागच्या बालमजुरीविषयी जगभर बोललं जातं आणि ते बोललंच पाहिजे. पण तिची मुळं घरातल्या या हातांच्या टंचाईत आहेत, तेही पाहायला हवं.

पैशाचा हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होतो आणि साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. मधे पावसाळ्यात एक छोटा हंगाम. मोठ्या हंगामाआधीचे महिने सगळ्यात कठीण. साठवण संपलेली आणि शाळेचा खर्च तोंडावर. याच काळात खरेदी करणाऱ्या कारकुनाकडून पुढच्या पिकावर उचल घेतली जाते. अशा वेळी बागेतलं संत्र्याचं, ॲव्होकॅडोचं झाड, चार घड तेलताड हीच घराची बँक असते. शेतकरी सावलीसाठी फळझाडं का पसंत करतो, याचं उत्तर या चार महिन्यांत आहे. ओडुमचं झाड ऑगस्टमध्ये फी भरत नाही.

भाव तिथं सरकार ठरवतं. खरेदी मंडळ १९४७ पासून आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला बारा हजार डॉलरच्या वर गेला होता. आपल्याला वाटेल, शेतकऱ्यांची दिवाळी झाली असेल. पण घानाच्या मंडळानं बराचसा माल आधीच जुन्या, कमी भावानं विकून ठेवला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकऱ्याला एका पोत्याला तीन हजार सेडी, म्हणजे टनाला ४८ हजार सेडी भाव जाहीर झाला. आधीच्या वर्षाच्या मानानं तो दुपटीहून जास्त, पण तिथली महागाईही वाढलेली. त्याआधी शेजारच्या देशांत जास्त पैसे मिळतात म्हणून चोरटा माल सीमेपलीकडे गेला. २०२५ संपेपर्यंत जागतिक भाव पुन्हा निम्म्याच्या आसपास उतरला होता.

याच काळात आणखी एक गिऱ्हाईक बागेच्या कुंपणापाशी येऊन उभं राहिलं आहे. बेकायदा सोनं खणणारे. तिथं या धंद्याला गलामसे म्हणतात. ते एकरकमी पैसे देऊन जमीन मागतात. एकदा खणलेल्या जमिनीत पुढे कोको येणं कठीण आणि ओढ्यांचं पाणीही गढूळ होतं. शेतकऱ्याला हे कळत नाही असं नाही. पण म्हातारी बाग, घरात आजारपण, मुलगा बेकार आणि समोर रोख रक्कम असेल, तर तो किती वेळ नाही म्हणेल? घानाचं उत्पादन २०२०-२१ मध्ये दहा लाख टनांवर होतं. २०२३-२४ मध्ये ते जवळपास निम्म्यावर आलं. हवामान, रोग, चोरटी निर्यात आणि सोन्याच्या खाणी, अशी त्याची कारणं सांगितली जातात. ती सगळी खरी आहेत, आणि ती सगळी शेवटी कुठल्या तरी घराच्या ओसरीवरच्या निर्णयात एकत्र येतात.

आपल्याकडचा पाहुणा

कोको आपल्या देशातही आहे. १९६५ मध्ये केरळातल्या वायनाडमध्ये कॅडबरी कंपनीनं लागवडीचा प्रात्यक्षिक मळा केला. पुढे नारळ-सुपारीच्या बागांतून कोको पसरला. १९८०च्या सुमारास भाव कोसळला, गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा केरळातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी कोको उपटून टाकला. त्या वेळी मंगळूरची कॅम्पको ही सुपारी उत्पादकांची सहकारी संस्था खरेदीत उतरली आणि १९८६ मध्ये तिनं पुत्तूरला चॉकलेटचा कारखाना उभा केला. आज आंध्र प्रदेशात नारळ आणि तेलताडाखाली कोको मोठ्या प्रमाणावर आहे.

घाना आणि केरळ यांत एक महत्त्वाचा फरक आहे. केरळात नारळ घरचा आणि कोको पाहुणा. पाहुणा परवडेना तेव्हा त्याला निरोप दिला, घर उभंच राहिलं. घानात कोकोच घरचा धनी आहे. तो गेला तर घरच मोडतं. म्हणून तिथला शेतकरी पडत्या भावातही बाग सहसा तोडत नाही. तो तिच्याकडे दुर्लक्ष करतो आणि कसाव्याकडे वळतो. १९८३ मध्ये मोठा दुष्काळ पडला, वणव्यांनी कोकोच्या कितीतरी बागा जाळल्या. त्यानंतर काहींनी पुन्हा कोको लावला, काहींनी मका-कसावा धरला, काही पश्चिमेच्या ताज्या जंगलाकडे निघून गेले. आग एकच, पण घरागणिक वाट वेगळी.

हे मी पुस्तकात वाचलं आणि मला लगेच पटलं, कारण ते मी पाहिलं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या. आमच्या शेजारच्या तीन वाड्यांची गोष्ट सांगतो. एकाचे दोन मुलगे आखातात, त्यानं पुन्हा सुपारी लावली, कारण फळ येईपर्यंत थांबण्याइतके पैसे घरात येत होते. दुसऱ्यानं केळी आणि भाजी धरली, कारण मुलीचं कॉलेज सुरू होतं. तिसऱ्या घरात एकटी विधवा बाई. तिनं काहीच लावलं नाही, पडलेली झाडं विकली आणि जागा तशीच ठेवली. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राची लाखी बागेची कल्पना, म्हणजे माडाखाली जायफळ, दालचिनी, मिरी, उत्तमच आहे. पण ती तिघांना तीन वेगवेगळ्या भाषांत सांगावी लागेल.

चॉकलेट कंपन्या आणि आफ्रिकेतली सरकारं यांनी २०१७ मध्ये जंगलतोड थांबवण्याचा करार केला. तेव्हापासून सावलीच्या झाडांची रोपं मोठ्या संख्येनं वाटली जात आहेत. युरोपनंही २०२३ मध्ये कायदा केला, की २०२० नंतर जंगल तोडून पिकवलेला कोको आपल्या बाजारात येऊ द्यायचा नाही. हेतू चांगले आहेत. पण वाटलेलं रोप आणि वाढलेलं झाड यांच्यामध्ये एक घर असतं. त्या घराला विचारायला हवं: जमीन तुझ्या नावावर आहे का? झाड मोठं झाल्यावर लाकूड कुणाचं? पावसाळ्यातले चार महिने कसे काढता? बेणणीला हात किती? आणि या बागेत राबणारी बाई उद्या तिची वारस असेल का?

या पाच प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, तर पंधरा झाडं ठेवा की अठरा, हे सांगायला अधिकाऱ्याला फार वेळ लागणार नाही. ती मिळाली नाहीत, तर रोपांच्या पिशव्या बांधावर वाळत पडतील. तशा वाळलेल्या पिशव्या पाहायला आपल्याला घानापर्यंत जायचीही गरज नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)